समेट झालेला आहे, मग मनाला शांती का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंधराव्या वर्षी बाप्तिस्मा झाला. पुढे वेगवेगळ्या सभांमध्ये चार वेळा ‘येशूला हृदयात घेण्याची’ प्रार्थना केली. दर वेळी आठ-पंधरा दिवस हलकं वाटलं, मग पुन्हा तेच पाप आणि तीच धास्ती. रात्री दोनला जाग येते आणि मनात येतं, आज मेलो तर? देवाने खरंच क्षमा केली असेल का? आणि केली असेल, तर ते मला कळणार कसं?

पाळक म्हणून तीस वर्षं झाली. हा प्रश्न घेऊन येणारे मंडळीतले उनाड लोक क्वचितच असतात. बहुतेक वेळा पहिल्या रांगेत बसणारेच येतात.

सगळ्यात आधी, ती प्रार्थना पाचव्यांदा करू नका. प्रार्थनेत काही वावगं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या दारातून तुम्ही आत आलात तेच दार पुन्हा ठोठावलंत, तर मन इतकंच शिकेल की आजवर आपण बाहेरच उभे होतो. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मी लोकांना नेमकं हेच करायला लावायचो. कोणी घाबरून आलं की गुडघे टेकवायचे, माझ्यामागून वाक्यं म्हणवून घ्यायची, आमेन झालं की पाठीवर थाप. एक बाई सहा महिन्यांत तीनदा आल्या. तिसऱ्या खेपेला मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच वाक्यं म्हणायला सुरुवात केली, पाढ्यासारखी पाठ झाली होती त्यांना. त्यांच्या डोळ्यांतली भीती मात्र पहिल्या दिवशी होती तशीच होती. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

हात वर करा, पुढे या, ही वाक्यं माझ्यामागून म्हणा, असा ठरलेला विधी पवित्र शास्त्रात कुठेच नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांनी ‘आम्ही काय करावं’ म्हणून विचारलं तेव्हा पेत्राने पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या असं सांगितलं. सभेत लोकांना पुढे बोलावण्याची पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या संजीवन सभांमधून. १८३० च्या सुमारास चार्ल्स फिनी हे उपदेशक तारणाच्या काळजीत असलेल्यांसाठी पुढे एक वेगळा बाकच राखून ठेवत. त्या पद्धतीने पुष्कळांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण तिने एक सवयही लावली. तारणाचा पुरावा म्हणून माणूस स्वतःच्या एका क्षणाकडे बघू लागला. त्या क्षणी मी मनापासून बोललो का? पुरेसं रडलो का? असल्या प्रश्नांना तळ नसतो.

आता समेट या शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते तुमची गाठ तिथेच बसली आहे. आपल्या बोलण्यात समेट म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं. भांडण दोघांचं, चूक दोघांची, एक पाऊल याने मागे घ्यायचं, एक त्याने, आणि मध्ये कोणीतरी पडायचं. हेच चित्र आपण नकळत देवाच्या बाबतीत वापरतो. देवाने त्याचा वाटा उचलला, आता माझा वाटा राहिला आहे, आणि तो काही माझ्याकडून पुरा होत नाही.

नव्या करारात समेटासाठी प्रेषित पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘कातालास्सो’. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल. नाण्यांच्या मोडीसाठी तो वापरत, आणि वैर जाऊन मैत्री होण्यासाठीही. त्या काळच्या यहुदी लिखाणातही तो आढळतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात लोक प्रार्थना करतात, दुःख सोसतात आणि देवाने आपल्याशी समेट करावा अशी आशा धरतात. म्हणजे राग देवाचा, आणि तो शांत व्हायला हवा. पौल हे वाक्यच उलटं करतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात समेट करणारा देव आहे, आणि ज्यांचा समेट होतो ते आपण. देवाची समजूत काढावी लागली असं पौल कुठेही लिहीत नाही. रागीट बाप आणि मधे पडणारा दयाळू मुलगा, हे चित्र कितीही उपदेशांतून ऐकलं असलंत तरी ते पौलाचं नाही. पापावर देवाचा कोप आहे हे तो रोमकरांसच्या पहिल्याच अध्यायात स्पष्ट लिहितो. पण ज्याचा कोप आहे, त्यानेच ख्रिस्ताला पाठवलं. कधी? आपण सुधारल्यावर नाही. आपण शत्रू असतानाच.

रोमकरांसच्या पाचव्या अध्यायातल्या अकराव्या वचनाकडे पाहा. समेट आपल्याला ‘मिळाला’ आहे, असं पौल म्हणतो. आपण तो साधला, असं म्हणत नाही. अदलाबदल कसली झाली, ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात आहे. ज्याला पाप ठाऊक नव्हतं तो आपल्यासाठी पाप झाला, आणि त्याचं नीतिमत्त्व आपल्या नावावर आलं. तिथे हिशेबाची भाषा आहे. देवाने लोकांचे अपराध त्यांच्या खात्यावर धरले नाहीत. तुमच्या त्या चार सभांच्या किती तरी आधी, यरुशलेमच्या वेशीबाहेर, क्रूसावर, तुम्हाला न विचारता हे घडून गेलं. ‘देवाशी समेट करून घ्या’ अशी पौलाची विनवणी आहे, ती झालेली गोष्ट स्वीकारण्यासाठी.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा तुम्हाला पाठ असेल. तरी एक बारकी गोष्ट पाहा. डुकरांमध्ये बसून तो बापापुढे म्हणायची वाक्यं जुळवतो. मी पाप केलं आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुझ्या एखाद्या मजुरासारखं ठेव. घराजवळ आल्यावर बाप धावत येतो, गळ्यात पडतो आणि मुलगा बोलायला लागतो. पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं, आणि मजुराचं वाक्य येतच नाही. बाप मध्येच चाकरांना झगा आणायला सांगतो. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक माणसं त्या न बोललेल्या वाक्यात राहतात. घरात आहेत, पण मजूर म्हणून. रोज संध्याकाळी आजची मजुरी भरली की नाही ते मोजतात. ज्या दिवशी कमी भरते त्या रात्री झोप लागत नाही.

मग कळायचं कसं? योहानाने पहिलं पत्र याच कारणासाठी लिहिलं. पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात तो म्हणतो, तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्ही जाणावं म्हणून लिहितो. म्हणजे खात्री असणं हा उद्धटपणा नाही. पत्रात तो तीन गोष्टी फिरून फिरून तपासायला सांगतो: येशूविषयी तुमचा विश्वास काय, त्याच्या आज्ञा पाळण्याकडे ओढ आहे का, आणि भावाबहिणींवर प्रीती आहे का. ओढ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो’ हेही त्याच पत्रात, पहिल्याच अध्यायात आहे. तिसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा मोठा आहे. तुमच्या मनाने दोषी ठरवणं म्हणजे देवाचा निकाल नव्हे. रात्री दोन वाजता दिलेल्या निकालाला तर मी काहीच किंमत देत नाही.

या तीन गोष्टी सावकाश पाहायच्या असतात, काही वर्षांचं आयुष्य समोर ठेवून, आणि शक्य तर दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी. रोज नाडी धरून बसलं तर ती वेडीवाकडीच लागते. रोमकरांसच्या आठव्या अध्यायात पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो, आपण देवाची लेकरं आहोत. ही साक्ष म्हणजे अंगावर शहारा, असं पुष्कळजण समजतात. पौल मात्र त्याच्या आधीच्या वचनात सांगतो की त्या आत्म्याने आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. घाबरलेलं मूल अंधारात बापालाच हाक मारतं. तुम्ही रात्री दोनला उठून कोणाला हाक मारता, हे तुम्ही मला लिहिलंच आहे.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचत होतं. ती ऐकताना वेस्लीला मनात विलक्षण ऊब जाणवली आणि माझी पापं, माझीसुद्धा, काढून टाकली गेली अशी खात्री वाटली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढच्याच जानेवारीत, ४ तारखेला, याच वेस्लीने रोजनिशीत लिहिलं की मी आज ख्रिस्ती नाही. साडेसात महिन्यांत! त्यानंतर त्याने पन्नासहून अधिक वर्षं सेवा केली. ऊब खरी होती, तिच्यावर इमारत मात्र उभी राहत नाही. पंडिता रमाबाईंची वाट उलटी होती. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. कोणाला आधी ऊब आणि मग शंका, कोणाला आधी बाप्तिस्मा आणि मग उमज. दोन्ही चालतं.

खात्रीबद्दल सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे असं मी सांगणार नाही. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात ठरवलं की देवाची दया, ख्रिस्ताचं पुण्य आणि संस्कारांचं सामर्थ्य यांविषयी भाविकाने शंका धरू नये. पण स्वतःची दुर्बलता पाहता आपण कृपेत आहोत का याची धाकधूक त्याला वाटू शकते, आणि शेवटपर्यंत टिकण्याची अचूक खात्री खास प्रकटीकरणावाचून कोणी सांगू नये. कॅथलिक माणूस म्हणूनच पापनिवेदनाला जातो आणि याजकाच्या तोंडून क्षमेचे शब्द कानांनी ऐकतो. प्रोटेस्टंट पाळक असूनही मी म्हणेन, कानांनी ऐकण्याला मोल आहे. आम्ही ते फार सहज सोडून दिलं. प्रोटेस्टंटांच्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत विश्वासाच्या व्याख्येतच खात्री आहे. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा अठरावा अध्याय मात्र सबुरीने बोलतो: खरा विश्वासी असूनही खात्री मिळायला दीर्घकाळ जाऊ शकतो, झगडावं लागू शकतं. मला हा अध्याय फार प्रामाणिक वाटतो. शंका आली म्हणजे विश्वास नाही, असं तो म्हणत नाही.

विश्वासी माणूस तारण गमावू शकतो का, यावर सुधारित (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या ‘नाही’ म्हणतात, मेथडिस्ट ‘होय, शक्य आहे’ म्हणतात, आणि १६१० साली हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी मांडलेल्या पाच कलमांत हा मुद्दा खुलाच ठेवला होता. तुमच्या रात्रीच्या भीतीवर या वादातून औषध निघणार नाही. ‘गमावता येत नाही’ म्हटलं की घाबरलेला माणूस लगेच म्हणतो, मग मला मुळात मिळालंच नसेल! मला यापेक्षा फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कचं उत्तर आवडतं. १४३१ च्या खटल्यात तिला अडकवायला विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर गर्व, नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच राखो. एकोणीस वर्षांची, लिहितावाचता न येणारी पोर.

आता तेच पाप पुन्हा होण्याबद्दल. इथे मी थोडा कडक होणार आहे. कधी कधी शांती नसते, कारण ती नसायलाच हवी. माणूस एखादी गोष्ट सोडायला तयार नसतो, किंवा कोणाचं तरी देणं बुडवून बसलेला असतो आणि देवाकडे मात्र क्षमा मागत असतो. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. त्याने तारण विकत मिळालं नाही, पण तारण घरात आल्याचं तिथे दिसलं. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि कोणती प्रार्थना म्हणावी हा तुमचा प्रश्नच नाही. कोणाला फोन करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

पण ज्या पापाशी तुम्ही झगडता आहात, पडता, उठता, पुन्हा पडता, त्याची गोष्ट वेगळी आहे. मेलेला माणूस झगडत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते अंगणात, कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात उठलेला येशू किनाऱ्यावर त्याची वाट पाहतो, तिथेही कोळशाचा विस्तव. ‘अनथ्राकिया’ हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी आहे. पेत्राच्या नाकात तोच वास गेला असणार. येशू त्याला त्या जागी परत नेतो, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? ‘आता पुन्हा कधी नाकारणार नाहीस ना’ असं एकदाही विचारत नाही. आणि प्रत्येक उत्तराला काम देतो, माझी मेंढरं चार.

‘अक्षम्य पाप’ माझ्याकडून झालं असेल, असंही तुम्ही सुचवलं आहे. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा संदर्भ दिला आहे: येशूने आत्म्याच्या सामर्थ्याने भुतं काढलेली डोळ्यांनी पाहून शास्त्री म्हणाले, हे बालजबूलचं, म्हणजे भुतांच्या अधिपतीचं, काम आहे. प्रकाशाला जाणूनबुजून अंधार म्हणणारं, टणक झालेलं मन. त्या शास्त्र्यांना रात्री झोप लागत होती. ज्याला काळजी वाटते त्याच्याकडून ते पाप झालेलं नाही, हे मी बिनदिक्कत सांगतो.

शेवटची गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. एक वयस्कर गृहस्थ एकदा वही घेऊन आले. दोनशे पानी, रेघा आखलेली. तारीख, पाप, कबूल केल्याची वेळ, असे तीन रकाने. काही ओळींपुढे लाल शाईने ‘पुन्हा’ लिहिलेलं, कारण कबूल करताना मन दुसरीकडे गेलं होतं. मी पानं उलटत गेलो. चोरी नाही, व्यभिचार नाही. ‘प्रार्थनेत जांभई.’ ‘रागाचा विचार, बहुधा.’ ‘बहुधा’ फार ठिकाणी होतं. मी विचारलं, क्षमा मिळाल्याचा रकाना कुठे आहे? ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्याला जागाच उरली नाही.

हे पाप नव्हतं, दुखणं होतं. मनाच्या डॉक्टरांकडे याला नाव आहे, उपचार आहेत, आणि मंडळीलाही ते शतकानुशतकं ठाऊक आहे. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा पुढचा संस्थापक, यातूनच गेला. तीन दिवस लेखी पापनिवेदन करूनही काहीतरी राहिल्याची टोचणी जाईना, जीव द्यावा असं वाटू लागलं. पापनिवेदन ऐकणाऱ्याने त्याला बजावलं, जुनं काही अगदी स्पष्ट असेल तरच सांग. इग्नेशियसला तर सगळंच स्पष्ट वाटत होतं! शेवटी त्याने जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवलं, आणि तिथून तो मोकळा होत गेला. इंग्रज कवी विल्यम काउपरच्या नशिबी ते नव्हतं. त्याने लिहिलेली गीतं इंग्रजी मंडळ्यांत आजही गातात, पण १७७३ च्या आजारापासून १८०० साली मरेपर्यंत देवाने आपल्याला टाकून दिलं ही समजूत त्याच्या मनातून पुरती कधीच गेली नाही. जॉन न्यूटनसारखा पाळक मित्र होता, तरीही. खात्री वाटली नाही म्हणून काउपरचं तारण झालं नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. स्तोत्र ८८ अंधार या शब्दावर संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

तर तुमच्यासाठी एवढंच. महिनाभर स्वतःची तपासणी बंद. झोपण्यापूर्वी दिवसभराचं एकदा, दोन मिनिटांत कबूल करा, योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन मोठ्याने वाचा आणि दिवा मालवा. राहिलं असं वाटलं तरी पुन्हा उठायचं नाही. तुमच्या पाळकांना, किंवा विश्वासातल्या एका समंजस माणसाला, ते पाप नाव घेऊन एकदा सांगा आणि तुम्हाला क्षमा झाली आहे हे त्यांना मोठ्याने म्हणू द्या. प्रभुभोजन चुकवू नका. आपण लायक नाही म्हणून तुम्ही ते टाळता, असं लिहिलं आहे. भाकर हातात घ्या, ती तुमच्या भावनेपेक्षा घट्ट असते. आणि रात्री दोनची जाग तीन आठवड्यांत थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. मी त्या गृहस्थांबरोबर स्वतः गेलो होतो, बाहेर बाकावर दीड तास बसलो होतो.